ताईंच्या मापाची मूठ

जगातल्या झाडून सगळ्या वस्तू दुसऱ्याच कुणाच्या तरी हातासाठी घडवलेल्या आहेत आणि त्या सरळ करायला देवाने आपल्याला नवापुरात जन्माला घातलं आहे, अशी माझ्या थोरल्या नणंदेची ठाम समजूत आहे. नुसती समजूत असती तर मी चकार शब्द काढला नसता. पण ताईंच्या पदरामागे कायम एक कानस असते. बाईंचे हात एवढेसे, शाळकरी पोरीचे वाटावेत असे, आणि आवाज मात्र भर वाऱ्यात किनाऱ्यावरून होडीपर्यंत पोचणारा. माझ्या लग्नात आलेला डाव, उलथणं, मासे कापायचा कोयता, स्क्रूड्रायव्हर, एकाचीही मूठ त्यांनी जन्मली तशी ठेवली नाही. आमच्याकडे आलेली पाहुणी भाकरी उलटायला उठली की उलथणं हातात धरून विचारते, "हे खेळण्यातलं आहे का हो?" मी माकुणसारची, हाडापेराने चांगली दणकट. गेली कित्येक वर्षं मी माझ्याच स्वयंपाकघरात दोन बोटांनी डाव धरून आमटी वाढते आहे.

त्यांच्या लग्नाचं ठरत होतं तेव्हाची गोष्ट सासूबाई सांगायच्या. मुलाकडच्यांनी आणलेला चुडा ताईंच्या हातातून घरंगळून ताटात पडला. मुलाची आई समजुतीनं म्हणाली, "असू दे, पुढे हात भरतील." ताई म्हणाल्या, "मंग मी पुडेच येते." आणि उठल्या. त्या काही पुन्हा गेल्या नाहीत, आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलेलं मी तरी पाहिलं नाही. पुढे तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या. तिथले हातमोजे पुरुषी मापाचे. बोटांची टोकं पुढे लोंबायची आणि डब्यात अडकायची. मुकादम म्हणाला, "मॅडम, साइज तो यही आता है." ताईंनी दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले आणि म्हणाल्या, "मेरा हात भी यहीच आता है." पंधरवडाभर त्या उघड्या हातांनी कामाला उभ्या राहायच्या, मुकादम त्यांना बाजूला काढायचा, त्या परत उभ्या. शेवटी लहान मोजे आले. तेव्हा कळलं, निम्म्या बायकांना तेच हवे होते. तोंड उघडायची हिंमत तेवढी एकीची होती.

तर अशा या बाई, निवृत्त झाल्यावर देवदेव करतील ही माझी भाबडी आशा. एके दिवशी बोईसरला औषधं आणायला गेल्या आणि एका दुकानाच्या माडीवर नेमबाजीच्या क्लबात नाव घालून आल्या. दारावर पाटी होती म्हणे, वयाची अट नाही. "अट नाय तर मी का जाऊ नको?" त्यांनी आमच्या ह्यांनाच विचारलं. तिथे छऱ्यांचं पिस्तूल होतं. ताईंचा डोळा तीक्ष्ण, हात स्थिर, सगळं जमत होतं. नडली ती मूठ. पिस्तुलाची लाकडी मूठ कुणा धिप्पाड माणसाच्या पंजाची. तिथले सर म्हणजे सडपातळ, सोशिक तरुण. त्यांनी नीट समजावलं की मनगट सरळ राहून मूठ न आवळता हातात बसली पाहिजे आणि तर्जनीचं पहिलं पेर घोड्यावर आपसूक टेकलं पाहिजे. ताईंचं बोट तिथवर पोचेपर्यंत मनगट वाकायचं, आणि पोचलंच तर नुसतं टोक. छर्रा दर वेळी डावीकडे. "सवय होईल, ताई," सर म्हणाले. ताईंनी पिस्तूल खाली ठेवलं. "सर, हात देवान दिलाय, मूठ कारखान्यात झालीय. दोगांतली बदलायची कोनती, ते तुमीच सांगा."

पण सरांचाही नाइलाज होता. पालघरला जिल्ह्याची स्पर्धा होती, त्यात ताईंच्या वयाच्या बायकांचाही गट होता, आणि क्लबातल्या चाचणीत छर्रे मधोमध बसले तरच नाव पाठवता येणार होतं. "नाहीतर पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. असलं 'पुढे' ताईंना चुड्यापासून ठाऊक होतं. घरी आल्या त्या तणतणतच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या तांदळाच्या पिठाची घट्ट उकड काढली, लाटण्याच्या टोकावर थापली आणि हाताच्या पकडीत दाबून मुठीचं माप घेतलं. बोटांच्या खाचा, अंगठ्याखालचा फुगवटा, सगळं हुबेहूब. ते पक्कं व्हावं म्हणून अंगणात जवळा वाळत घातला होता त्याच्या कडेला उन्हात ठेवलं आणि कावळे हाकत स्वतः राखणीला बसल्या. खडखडीत वाळल्यावर ते पालघरजवळच्या माहीमच्या सुताराकडे गेलं. ताईंनी ओळखीच्या वाडीतून चिकूचं टणक लाकूड मिळवून दिलं. सुताराने मापात तसूभरही फरक केला नाही. मूठ आली, ताईंनी धरली, आणि त्यांची दोन बोटं बाहेर लोंबू लागली.

पीठ सुकून आकसलं होतं. ज्या बाईने जन्मभर बोंबील वाळवले, ओल्याचं सुकं किती उरतं हे जिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक, तिने हे करावं? मी हसून हसून भिंतीला टेकले. "ताई, बोंबलाला विचारायचं तरी."

"मूठ चुकली नाय," ताई म्हणाल्या. "चूक उनाची हाय." आणि ती चिमुकली मूठ त्यांनी माझ्या ओट्यावर आपटली. मला ती लसूण ठेचायला फार सोयीची पडली.

दुसरं माप ओल्या फडक्यात गुंडाळून, बसमध्ये तान्ह्या लेकरासारखं मांडीवर घेऊन त्या माहीमला गेल्या आणि मूठ होईस्तोवर सुताराच्या समोरून हलल्या नाहीत. मग घरी कानस सुरू. त्या मुठीत लाटणं खोचायचं, डोळे मिटून हात उचलायचा, डोळे उघडायचे. लाटणं समोरच्या खुणेवर सरळ आलं नसेल तर पुन्हा घासायचं. खूण म्हणून त्यांना आमचं फाटकच सापडलं. दूधवाला दूध फाटकाबाहेर ठेवून जाऊ लागला. चाचणीच्या दिवशी मी सोबत गेले, कारण घरी बसून जीव थाऱ्यावर राहिला नसता. पालघरहून एक तपासनीस आले होते. त्यांनी ताईंची मूठ बसवलेलं पिस्तूल नियमाच्या मापाच्या पेटीत ठेवून पाहिलं, ते बसलं, तरी ते मूठ उलटीसुलटी करत राहिले. "यावर कंपनीचा शिक्का कुठे आहे?"

ताईंनी पंजा पुढे केला. "यावर बी कंपनीचा शिक्का नाय. पेटीत बसली ना? मंग नियम दाखवा, नायतर पिस्तूल द्या."

नियम काही निघाला नाही. ताई उभ्या राहिल्या आणि मी पदराचं टोक दातात धरलं. एकही छर्रा डावीकडे गेला नाही. सरांनी निशाणाचा कागद उतरवून माझ्याकडे आणला तेव्हा त्यांचेच डोळे भरले होते. नाव पालघरला गेलं. तिथे पदक मिळालं नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाल्या, "पदक गळ्यात घालतात गो. माज्या गळ्याची तक्रार कुटं होती?"

गेल्या हिवाळ्यात ताई फार आजारी पडल्या. उठल्या, पण निम्म्या होऊन. पहिल्यांदा क्लबात जाऊन आल्या त्या दिवशी तणतणल्या नाहीत, आणि मला धडकी भरली. पिस्तुलाची मूठ हातात सैल पडत होती. घासून लाकूड कमी होतं, वाढत नाही. संध्याकाळी त्या ओट्यापाशी आल्या, माझी लसूण ठेचायची मूठ उचलली, पदराने पुसली, डोळे मिटून धरली. सगळी बोटं आपापल्या खाचेत जाऊन बसली.

"बग," त्या म्हणाल्या. "मूठ चुकली नवती. जरा आदी झालेली."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आणि मी लसूण कशानं ठेचू?"

त्यांनी मोठी मूठ माझ्या हातात दिली. ती मला लहानच होते. पण तिच्या खाचांतून बोट फिरवलं की ताईंचा भरलेला हात अजून तस्साच लागतो. मी लसूण वाटीच्या बुडाने ठेचते.