डाव्या चाकाखालचा बिंदू

गेल्या वर्षी आषाढी पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी, पडेगावच्या आमच्या घरात, माझ्या वडिलांची चाकाची खुर्ची हॉलच्या दारात अडकली. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. उजव्या हातानं चाक ढकलत, उजव्या पायानं फरशीला रेटा देत ते पॅसेजमधून सरळ आले. हॉलचं दार डावीकडं आहे. वळताना पाय ठेवायच्या पट्टीचा कोपरा पलीकडच्या चौकटीवर आदळला. खुर्ची आणण्यापूर्वी आम्ही तिची रुंदी मोजली होती, दाराचीही मोजली होती. वळण कुणी मोजलं नव्हतं.

पौर्णिमेची बुद्धवंदना आमच्या हॉलमध्ये होते. गल्लीतली माणसं येतात. त्रिशरण वडील सांगतात, बाकीचे त्यांच्यामागून म्हणतात. या वेळी त्यांनी आईला सांगून टाकलं, "चारचौघांत ढकलत नेणार असाल तर मी खोलीतच बरा. सामान हाय का मी?"

माझी बहीण देवगाव रंगारीला शाळेत गणित शिकवते. ती त्या दिवशी घरी होती. तिनं त्यांना पुन्हा वळायला सांगितलं. उजव्याच हातानं डाव्या चाकाचा ब्रेक लावून वडिलांनी उजवं चाक ढकललं. वळण्याआधी पट्टीचे दोन कोपरे जिथं होते, तिथं तिनं फरशीवर खडूनं खुणा केल्या. खुर्ची अडली तिथंही केल्या. एकेका कोपऱ्याच्या दोन खुणा रेषेनं जोडल्या आणि प्रत्येक रेषेच्या मध्यावर काटकोनात दुसरी रेष ओढली. त्या दोन रेषा डाव्या चाकाखाली एकमेकींना छेदत होत्या.

"बाबा, तुम्ही कशाभोवती फिरता, माहितीये?"

"माझ्याभोवती. आणखी कुणाभोवती?"

"या चाकाभोवती. बाकी सगळं हलतं, हा एक बिंदू हलत नाही."

"म्हणजे मी मधी नाय."

"नाही."

"लग्नापासून हेच ऐकतोय," वडील आईकडं न बघता म्हणाले.

खिडकीतून माळावर एक घार गोल फिरताना दिसत होती. तिच्या फेरीचं केंद्र तिच्या अंगात नाही, बहीण म्हणाली. ते नुसत्या हवेत आहे, आणि घार सरकेल तसं तेही सरकतं. खुर्चीला वळायला लागणारं वर्तुळ लहान करता येणार नव्हतं. त्याचं केंद्र हलवता येणार होतं.

एका हातानं ढकललेली खुर्ची डावीकडं ओढ घेते. त्यामुळं वडील दाराकडच्या भिंतीला चिकटून येत आणि तिथंच वळत. बहिणीनं त्यांना दारापासून लांब, उजव्या भिंतीला धरून यायला सांगितलं, म्हणजे पट्टी दारात शिरण्याआधीच खुर्ची वळलेली असेल. त्या भिंतीशी पाण्याच्या माठाची तिवई होती.

"आणि माठ कुठं ठेवू, तुझ्या केंद्रावर?" आईनं विचारलं.

तिवई स्वयंपाकघरात गेली. वडिलांनी पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ सराव केला. पहिल्यांदा खुर्ची पुन्हा डावीकडं गेली. मग ते उजवा पाय टेकवून ती सरळ धरू लागले. कुणी मदतीला उठलं, की ते थांबत आणि तो माणूस बसेपर्यंत हलत नसत.

पौर्णिमेच्या संध्याकाळी हॉल भरला होता. वडील पॅसेजमधून उजव्या भिंतीकडेनं आले, ब्रेक लावून वळले. मागचं चाक भिंतीला घासलं. कोणी उठलं नाही. खुर्ची दारातून आत आली. ते बुद्धमूर्तीसमोर थांबले आणि त्यांनी त्रिशरण सांगायला सुरुवात केली.