नाशिकची सुरक्षित रात्र, आठच्या आत

वाईन प्यायला नाशिकला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण हा ब्लॉग माझ्या सासूबाईही वाचतात. गेले ते मामांच्या फोनमुळे. माझी मामेबहीण केतकी गंगापूर रोडच्या पुढे एका हॉटेलात वाईन चाखण्याचं काउंटर सांभाळते. दोन आठवड्यांपूर्वी रात्री दहाच्या सुमारास ती स्कूटरवरून घरी येत असताना सोमेश्वरच्या अलीकडे दोन झिंगलेल्या बाइकवाल्यांनी पाठलाग केला आणि स्कूटरला लाथ घातली. ती पडली, कोपर सोलवटलं. पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो, एवढ्या रात्री तुम्ही तिकडे काय करत होतात. मग मामांनी तिला महिनाअखेर नोकरी सोडायचं फर्मान काढलं, तिनं साफ नाही म्हटलं, आणि दोघांनी मला वेगवेगळे फोन करून समोरच्याला समजवायला सांगितलं.

त्यातच तिच्याच हॉटेलात शनिवारी ‘सुरक्षित रात्र’ नावाचा मेळावा ठरला होता. हॉटेलवाले आणि आसपासचे रहिवासी मिळून एक मंच झाला होता, आणि प्रवासावर लिहिणाऱ्यांना त्याचं आग्रहाचं निमंत्रण होतं. केतकीनं यादीत माझं नाव घुसवलं. म्हटलं, चला, मामांचा राग, नाशिकची मिसळ आणि शहराची सुरक्षितता एकाच पेट्रोलमध्ये उरकेल.

चिंचवडहून सकाळी सहाच्या आत निघा. सातनंतर चाकण तुम्हाला सोडत नाही. संगमनेरनंतर रस्ता झकास आहे. मी सिन्नरला चहा-भज्यांसाठी थांबले आणि तिथून नाशिकपर्यंत विरंगुळा म्हणून ‘फॅमिली गार्डन, परमिट रूम’ असे फलक बघत गेले. लेकरांसाठी घसरगुंडी, आजोबांसाठी शुद्ध शाकाहारी विभाग, आणि पुढे लग्नकार्यालयाला पुरेल एवढं पार्किंग. येणारा प्रत्येक जण गाडी घेऊन येणार आणि पिऊन गाडी घेऊनच जाणार, हे बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

मामांकडे जेवण झालं. मामा मूळचे दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार, आता नाशिकला घर बांधून राहतात, पण बाग चालू आहे आणि माल वायनरीला जातो. दारूला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. वाईन मात्र ते घेतात, कारण त्यांच्या मते ती दारू नाही. “दारू येगळी, मनू. वाईन म्हंजे शेतमाल हाय,” असं त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या निम्म्या लोकांचं हेच मत आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

संध्याकाळी मामा मला त्यांच्या गाडीतून हॉटेलात घेऊन गेले. पाचला मेळावा सुरू झाला. हिरवळीवर साठेक खुर्च्या, एक सेल्फीची चौकट, तिच्यावर ‘मी सुरक्षित, माझं शहर सुरक्षित’. सगळ्यांनी उभं राहून शपथ घेतली. शपथेत आम्ही संस्कृती जपणार होतो, तरुणांना सन्मार्गाला लावणार होतो आणि रील कमी बघणार होतो. पुढे भाषणं झाली. पाश्चात्त्यांना नावं ठेवून झाली, मुलींच्या कपड्यांवरून बोलून झालं. रस्त्यावरचे दिवे महिनाभर बंद आहेत, रात्री परतायला बस नाही, बारमधून तोल जात निघालेल्या माणसाला गाडीत बसू कोण देतं, यावर पाहुण्यांपैकी कुणाला काही सुचलं नाही. तासाभरानं अध्यक्षांनी ठराव वाचला. परिसरातल्या हॉटेलांनी महिला कर्मचाऱ्यांना पुढच्या आठवड्यापासून रात्री आठच्या आत घरी सोडावं.

साठ हात वर गेले. मामांचा पहिला. माझाही गेला. समोर फोटोग्राफर होता आणि सगळ्यांचे वर असताना आपला एकटीचा खाली ठेवायला जे लागतं ते माझ्यापाशी नव्हतं. केतकी मागे काउंटरवर ग्लास पुसत होती. तिला कुणी विचारलं नाही.

ठराव झाल्यावर सगळे चाखायला गेले. सुरक्षित रात्रीच्या मेळाव्याची सांगता वाईननं करण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण पुन्हा तेच, ती दारू नव्हे. जाणार असाल तर सांगते, पाच प्रकार चाखायला देतात, एकेक घोटभर, सोबत चीज. घोट तोंडात फिरवून थुंकायला एक भांडंही ठेवलेलं असतं. ते बघून मामा दुखावले. पिकवलेला माल थुंकायचा ही कल्पनाच त्यांना सहन झाली नाही. त्यांनी पाचही गिळले आणि लाल वाईन आवडली म्हणून तिचे भरलेले ग्लास घेतले. दोन मीही घेतले. सासूबाई, माफ करा.

केतकीच्या काउंटरवर एक पितळी ताटली असते. ही पद्धत तिनंच पाडली. गाडी घेऊन आलेल्या पाहुण्यानं पहिला ग्लास भरायच्या आत किल्ली ताटलीत ठेवायची, ती चिठ्ठी लावून घेणार. तिसऱ्या ग्लासानंतर किल्ली त्या दिवशी परत मिळत नाही. ती हसतमुखानं रिक्षा बोलावून देते, माणूस दुसऱ्या दिवशी येऊन गाडी नेतो. कुरकुरतात, पण बहुतेक जण ऐकतात. अध्यक्षांनी मात्र आपण नुसती चव घेतली असं सांगून किल्ली खिशातच ठेवली होती. निघताना गाडी मागे घेताना त्यांनी सेल्फीची चौकट आडवी केली आणि शुभरात्री म्हणत निघून गेले.

मग मामांनी काउंटरवर हात पुढे केला.

“केतकी, किल्ली दे.”

“नाही अण्णा. तुमचे चार झाले.”

“वाईन हाय ती. मी काय दारू प्यालोय का?”

केतकीनं ताटली मागे सरकवली. आसपासचे चार-पाच जण बघत होते. मामांचे कान लाल झाले. त्यांनी चारचौघांत लेकीला बाप असल्याची आठवण करून दिली. ती शांतपणे म्हणाली, “मला लाथ घालणाऱ्या त्या दोघांनाही कुणीतरी किल्ली दिलीच होती, अण्णा.”

मामांनी हात खाली घेतला. मला खरं सांगायचं तर रडू आलं, आणि ते वाईनमुळे नव्हतं. तिनं नाही म्हटलं नसतं तर मी मुकाट मामांच्या शेजारी गाडीत बसले असते.

नऊला तिची सुट्टी झाली. स्कूटर तिथेच ठेवून तिनं मामांची गाडी काढली. ज्या मुलीच्या सुरक्षेसाठी आम्ही शपथ घेतली होती, तिनं आम्हा शपथवाल्यांना घरी पोचवलं. सोमेश्वरच्या अलीकडे अंधार होता. इथंच, एवढं ती म्हणाली. मागच्या सीटवर मामा काचेला टेकून बाहेर बघत राहिले.

रविवारी सकाळी मामांनी मिसळ खायला नेलं. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, शेवटी ताक. दोघांचं पोटभर होतं आणि खिसा हलका होत नाही. दहाच्या आत जा, नंतर रांग लागते. मामांनी पहिला पाव संपवला. मग म्हणाले, “तिचं बरोबर व्हतं. पण मी बाप म्हणून गप बसलो. परका गप बसंल का, मनू?” ही भीती त्यांनी आजवर रागात गुंडाळून ठेवली होती. मला त्यांचा राग आला होता तो तिथं ओसरला. ते पुढे म्हणाले की आता आठचा ठराव झालाय, नोकरीबी राहील आन् पोरगीबी घरी राहील, लय बेस झालं. मी हो म्हटलं आणि त्र्यंबकेश्वर पुढच्या खेपेवर टाकून दुपारी परत निघाले.

आठवड्यानं केतकीचा फोन आला. ठराव ताबडतोब अमलात आला होता, दिव्यांचं मात्र अजून कुणी बघितलेलं नव्हतं. तिची वेळ आता सकाळी अकरा ते संध्याकाळी सात. सकाळी अकराला वाईन कोण चाखतं? पगार कापला गेला. संध्याकाळचं काउंटर विक्रीवर कमिशन मिळणाऱ्या पोरांकडे गेलं, आणि ते कशाला कुणाची किल्ली अडवतील? पितळी ताटलीत आता बडीशेप ठेवतात.

मी मंचाला फोन करून ठराव फिरवायला सांगितलं. उत्तरादाखल त्यांनी मला एक फोटो पाठवला. त्यात ठराव एकमतानं मंजूर होताना दिसतो, आणि पहिल्या रांगेत माझा हात चांगला कोपरापासून सरळ आहे.

काल केतकीनं राजीनामा दिला. मी मामांकडे फोन केला. मामांना हवं होतं तेच झालंय, पण त्यांना जेवण जात नाही, असं मामी म्हणाली. त्या दोघांच्या लाथेनं केतकीनं नोकरी सोडली नव्हती, बापाच्या धाकानंही सोडली नव्हती. ते काम आम्ही साठ जणांनी हात वर करून केलं.