मेथीची जुडी आणि पांढरं धोतर

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी एस.टी.त कंडक्टर होतो, डोणगाव-मेहकर गाडीवर. आता मधूनमधून थोडं मीठ-मिरची मी टाकली असेल, पण तेवढं कोण टाकत नाही? सीटखाली राहिलेल्या टोप्या-टॉवेलांसारखे हे किस्से साठत गेले आणि न्यायला कोणी आलं नाही.

माझा अनुभव एवढाच, की धोतर जितकं पांढरं, तितकं त्यावर लक्ष ठेवावं.

एकदा सीटखाली नवीकोरी छत्री सापडली. "कोणाची?" म्हणून विचारलं, तर इस्त्रीच्या कपड्यांतले तिघे एकदम म्हणाले, "माझी."

कोपऱ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला मजूर होता. म्हटलं, "तुही तं नाही ना बे?"

"माही असती तं पोतं काऊन पांघरलं असतं?"

छत्री आमच्या ड्रायव्हरची होती.

एक धनगर तर बकरीच्या पिलाचं तिकीट मागत होता. मी म्हटलं, "राहू दे, तुह्या मांडीवरच हाय ना?"

"मांडी माही हाय, सायब. गाडी सरकारची हाय."

त्याच्या मागोमाग बापूसाहेब चढले. गावची निम्मी काळी जमीन त्यांची. सोबत ज्वारीचं पोतं.

"लगेजचं तिकीट, बापूसाहेब?"

"प्रसाद आहे तो."

"पोतंभर?"

"देवस्थान मोठं आहे."

आता गयाबाईचं ऐका. माळीण, दर बाजाराला भाजी घेऊन मेहकरला जाणारी. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत. तिच्याकडे रुमाल कुठला? ती मेथीची जुडी टाकायची. आणि लोक ती जुडी मानायचे.

एका बाजारच्या दिवशी ती टोपली टपावर चढवून आत आली, तर तिच्या जागेवर बापूसाहेब.

"बापूसाहेब, इथं माही जुडी होती."

"इथं काही नव्हतं."

गाडीत उभं राहायलाही जागा उरली नव्हती. ती उतरली असती तर पुढची गाडी थेट बाजार उठायच्या वेळी, आणि तोवर टोपलीभर मेथी माना टाकणार. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. "बस गयाबाई, माह्या जागेवर."

मेहकरला बापूसाहेब उतरायला उठले. पांढऱ्याशुभ्र धोतरावर मागे हा एवढा हिरवा डाग. सगळी गाडी पाहून राह्यली होती.

धनगर म्हणाला, "परसाद सांडला वाटते."

आता कबूल करतो. धनगर त्या दिवशी गाडीत नव्हता, ते वाक्य माझं. डाग खरा. आणि मी उठलो, तेही खोटं. माझ्या जागेवर त्या दिवशीही बापूसाहेबांचं पोतं होतं. मी दार उघडलं आणि गयाबाईला डोणगावलाच टोपली उतरवून दिली.

पुढच्या बाजाराला ती आली, तिकीट घेतलं आणि माझ्या हातात मेथीची जुडी ठेवली.

"हे काऊन, गयाबाई?"

"तुमच्या जागेवर ठेवजा, दादा."