लाइट गेल्यानंतरचा शेवट

कारंज्याच्या बसस्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा बाबांनी खिडकीतून माझी पिशवी आत दिली आणि म्हणाले, "कोनाले काही इचाराले लाजू नको वं. आपला इन्स्पेक्टर पाह्य, चहावाल्यालेही इचारते."

आई म्हणाली, "पोरगी शिकाले चालली का खुनी पकडाले?"

'आपला इन्स्पेक्टर' म्हणजे टीव्हीवरच्या एका जुन्या पोलिसी मालिकेतला. मालिका कधीच संपली होती, पण कुठल्या ना कुठल्या चॅनलवर ती परत परत लागायची. धनजला, आमच्या गावी, घरात जेवणाआधी सगळे ती पाहायला बसायचे. आई तुरीच्या शेंगा सोलत असायची. शेजारच्या शांताकाकू दारातच बसायच्या आणि दर भागात त्यांचा संशय जावयावर असायचा. भागात जावई नसला तर म्हणायच्या, "असन कुठंतरी. दाखवून नाही राह्यले."

आणि खुनी कळायच्या वेळेला, पुष्कळदा, लाइट जायची.

तेव्हा कोणी उठायचं नाही, अशी आमच्या घरची रीत होती. अंधारात बाबा घसा खाकरायचे आणि गोष्ट तिथून पुढे सांगायला लागायचे. त्यांनी तो भाग आधी पाहिलेला आहे, असं आम्ही धरून चालायचो. कोणी कधी विचारलंच नाही.

पुण्यात आले, तेव्हा घराण्यातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच होते. वर्गात मुलं एवढं भराभर बोलायची, की माझं वाक्य मनात जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. विचारायला लाजू नको म्हणणारे बाबा आठवायचे आणि मी अजूनच गप्प व्हायचे. कोणाला सांगितलं नव्हतं, पण दिवाळीला घरी गेले की परत यायचं नाही, असं मनाशी ठरवत आणलं होतं. त्याआधी एकच गोष्ट उरली होती. सरांनी प्रत्येकाला वर्गासमोर बोलायला सांगितलं होतं, विषय होता 'वर्षानुवर्षं टिकलेली एक मालिका'. मला एकच मालिका नीट माहीत होती.

माझी रूममेट ऋतुजा हीच मालिका मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहायची. म्हणून मी तिच्यासमोर सराव केला. घड्याळजीच्या खुनाचा भाग सांगितला: भागीदार पकडला जातो आणि शेवटी इन्स्पेक्टर त्या घड्याळजीच्या बायकोकडे जातो, दुकानात राहिलेलं नवऱ्याचं घड्याळ तिच्या हातात देतो आणि थोडा वेळ तिथंच बसतो.

ऋतुजा हसायलाच लागली. "अगं, भागीदार नाही, भाऊ खुनी असतो. आणि घड्याळ वगैरे काही नाही. बेड्या घातल्या की संपतो भाग."

मला आधी लाज वाटली. मग उत्सुकता. आम्ही मला आठवतील तेवढे भाग काढून पाहिले. बाबांचा खुनी बहुतेक वेळा चुकलेला होता. पण त्यांच्या प्रत्येक शेवटात इन्स्पेक्टर मेलेल्या माणसाच्या घरी परत जायचा. हे त्यांनी कुठून आणलं असेल?

उत्तर मालिकेतच होतं. तपासाच्या मधेच तो इन्स्पेक्टर घरच्यांना एक प्रश्न विचारतो, ज्याचा खुनाशी काही संबंध वाटत नाही: ते घरी आल्यावर काय करायचे? मग कोणी सांगतं, रेडिओ लावायचे. कोणी सांगतं, आधी म्हशीकडे जायचे. आपण खुनी विसरतो आणि त्या माणसाच्या घरात जाऊन बसतो. ऋतुजाला तर सगळे खुनी पाठ आहेत. तरी ती पाहते. काहून पाहत असेल, हे मला तेव्हा कळल्यासारखं वाटलं. एकदा कळलेलं रहस्य जुनं होतं, पण मेलेल्या माणसाची ओळख झाली की तो पुन्हा भेटावासा वाटतो. बाबांनी खुनी चुकवला, पण मालिका बरोबर पाहिली होती.

वर्गात मी हेच बोलले. अडखळत, मधे दोनदा पाणी पिऊन. चुकीचा शेवटही लपवला नाही. संपल्यावर वाटलं, झालं, आता बॅग भरायची. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "तुझ्या बाबांचे अजून कुठले शेवट आठवतात?" मग दुसऱ्यानं विचारलं. तास संपेपर्यंत मी सांगत होते.

संध्याकाळी घरी फोन लावला. वर्गात बाबांच्या शेवटांवर बोलले, एवढं सांगितलं आणि मधेच विचारलं, "बाबा, तुमी ते भाग पाह्यले नव्हते ना?"

"कुठचे पाहतो? लाइट तं माहीबी गेली व्हती."

"मंग सांगत काहून होते?"

"अवं, सारे उठून चालले असते ना." मग म्हणाले, "बरं, त्या घडीवाल्याले कोनं मारलं मंग?"

"भावानं."

बाबांनी तिथूनच हाक मारली, "शांताबाई, जावई नव्हता वं!"

लांबून काकूंचा आवाज आला, "भाऊ कोनाचा, ते इचारा. बायकोचा असन, तं मेला तो त्याच्या घरचा जावईच. आला ना जावई मधात!"

आई हसत होती. एकदम टीव्हीचा आवाज बंद झाला. लाइट गेली होती.

फोन ठेवू का, असं मी विचारणार होते. पण तिकडे कोणी उठल्याचा आवाज आला नाही. आता मला घर म्हटलं की तेवढंच आठवतं: अंधारात जागा न सोडता बसलेली माणसं.

"सांग ना वं," बाबा म्हणाले. "तुह्या वर्गात पुढं काय झालं?"

मी घसा खाकरला.