बंद केलेली चाचणी

चेन्नईलगतच्या तांबरममध्ये एका कॉलेजच्या ग्रंथालयात तीन वर्षांपूर्वी जो गोंधळ झाला, तो माझ्यामुळे झाला. हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

माझी नोकरी ओरगडमला, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात. ते पोटाचं काम. रविवारचं काम वेगळं. लिनक्स ही फुकट मिळणारी कॉम्प्युटर सिस्टीम; तिच्या एका डिस्ट्रिब्युशनसाठी, म्हणजे वापरायला तयार अशा संचासाठी, मी पॅकेजं बांधतो. कुणीतरी एखादं मोठं ॲप्लिकेशन लिहून सगळ्यांना खुलं करतं. ते आमच्या सिस्टीमवर सहज बसावं, जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाताना काही सांडू नये, एवढं आम्ही बघायचं. ऐकायला सोपं आहे. पण मोठी ॲप्लिकेशनं मोठ्या बिऱ्हाडासारखी येतात, स्वतःची टाकी, मोटर, नळ सगळं बरोबर घेऊन. आमच्याकडे नियम असा की इमारतीला टाकी एकच. म्हणून त्यांनी सोबत आणलेले कोडचे तयार तुकडे काढायचे, आपल्याकडचे सामाईक तुकडे जोडायचे आणि मग सगळ्या चाचण्या चालवून बघायच्या.

ग्रंथालयांसाठीचं असंच एक भलंमोठं ॲप्लिकेशन माझ्याकडे होतं. त्या कॉलेजात ते मीच बसवून दिलं होतं. तिथल्या ग्रंथपाल बाई तंजावरकडच्या मराठी. मी चेन्नईत आलो तेव्हा माझं मराठी नाव ऐकूनच त्यांनी मला आपलं मानलं. मी त्यांना अक्का म्हणायचो, त्या मला तंबी, म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. त्यांच्या मराठीत अर्धी तमिळ, आणि माझ्या तमिळला त्या हसायच्या.

नवी आवृत्ती आली तेव्हा डिस्ट्रिब्युशनची दारं बंद व्हायची तारीख जवळ आली होती. ती चुकली की पॅकेज पुढच्या खेपेपर्यंत बाहेर. मी तुकडे बदलले, चाचण्या चालवल्या. शेकडो पार पडल्या, एक अडकली. परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी एकगठ्ठा केल्या असतील, तर नव्या आवृत्तीतही ती पुस्तकं परत आलेलीच दिसली पाहिजेत, अशी ती चाचणी. का अडकली हे शोधायला दोन-तीन दिवस तरी गेले असते. मी एक ओळ लिहून ती चाचणीच बंद केली. बदलांच्या नोंदीत लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्त्या’.

पुढे कॉलेजात जाऊन नवी आवृत्ती चढवली तीही मीच. अक्कांनी दिलेली कॉफी पीत पीत.

त्यांच्याकडे दाराशी एक पेटी असायची. मुलं येता-जाता त्यात पुस्तकं टाकायची आणि दिवस संपताना अक्का सगळ्यांच्या परतीच्या नोंदी एकदम करायच्या. नेमक्या त्याच नोंदी गेल्या. मुलांना नोटिसा गेल्या, मुलं म्हणाली पुस्तकं दिली आहेत, आणि पुस्तकं तर कपाटात जागेवर सापडली. म्हणजे बाईंनी पुस्तक लावलं आणि नोंद करायला विसरल्या. दुसरं कुणाला काय वाटणार?

कारण मला चार दिवसांत कळलं होतं. मी पॅकेज दुरुस्त केलं, चाचणी पुन्हा सुरू केली, जुन्या बॅकअपवरून कॉलेजच्या नोंदीही लावून दिल्या. फक्त कारण सांगितलं नाही. तोवर अक्कांची बदली परीक्षा विभागात झाली होती, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला. प्राचार्यांनी माझा मात्र सत्कार केला. बाईंनी घातलेला गोंधळ यांनी निस्तरला, असं म्हणून खांद्यावर पोन्नाडै घातली. इथं मानाच्या शालीला तेच म्हणतात. अक्का तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

आमच्या कामात प्रत्येक बदल उघड्यावर असतो, कुणीही वाचावा. तीन वर्षं कुणी वाचला नाही. गेल्या महिन्यात ते पॅकेज सांभाळायला घेणाऱ्या एका नवख्या बाईने आम्हा सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलच्या यादीवर साधासा प्रश्न टाकला. ही चाचणी मध्ये बंद होती, मग पुन्हा सुरू झाली, ते का? मी कॅन्टीनमध्ये जेवत होतो. सांबारभात तसाच ठेवला आणि फोनवरच उत्तर लिहिलं. माझ्या आळसामुळे. त्यातून एका ग्रंथालयाच्या नोंदी बिघडल्या आणि दोष दुसरीवर गेला. पाठवल्यावर जेवण जाणार नाही असं वाटलं होतं. उलट भूक लागली.

त्याच आठवड्यात शनिवारी अक्कांच्या घरी गेलो. त्या शेवग्याचा पाला खुडत बसल्या होत्या. शेजारी एक वही. ‘गॅस बंद केला, ७.४०. कुलूप लावलं, दोनदा पाहिलं.’ पानं भरलेली.

“अक्का, त्या परतीच्या नोंदी तुम्ही केल्या होत्या. माझ्या पॅकेजने पुसल्या.”

“सगळ्या केल्या होत्या मी?”

“सगळ्या.”

“एकपण विसरले नव्हते?”

“एकही नाही.”

त्यांनी पाल्याचं ताट खाली ठेवलं आणि आत हाक मारली, “अहो, ऐकलांत? माझं डोकं ठीक आहे.”

आतून यजमान म्हणाले, “ते मी केव्हाचा सांगतोय. जीभ तेवढी दुरुस्त करायची आहे.”

मग त्या बोलल्या. त्यांच्या आईला शेवटी पोटची मुलंही ओळखता येत नव्हती. नोंदींचं झालं तेव्हा अक्कांना वाटलं, आपलंही सुरू झालं. “नाहीतर भांडले असते की मी. मी काय गप्प बसणारी? पण म्हटलं, कॉलेजवाल्यांचंच खरं असेल.” त्या दिवसापासून ती वही.

त्यांची जागा आणि मान गेला, एवढंच मला दिसत होतं. ही भीती माहीतच नव्हती.

“आणि पोन्नाडै तू घेतलीस,” त्या म्हणाल्या.

“घेतली.”

“मी टाळ्या वाजवल्या रे.”

“पाहिलं मी.”

त्यांनी ताट पुन्हा ओढून पाला खुडायला घेतला. रागावल्या होत्या, ते हातांवरून कळत होतं. मग म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. मे महिन्यात मी रिटायर होते. त्याच्या आत प्राचार्यांना लिहून दे. तमिळमध्ये दे. इंग्लिशमध्ये तू गोल गोल लिहिशील.”

कॉफी विचारली नाही. मीही थांबलो नाही. बसमध्ये खिडकी मिळाली. तीन वर्षांत पहिल्यांदा, कुणी मागून हाक मारेल असं वाटलं नाही. इतकं हलकं वाटण्याचा मला हक्क नाही, पण वाटलं ते खरं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग पत्र कधी देताय?” मसुदा झाला आहे, शेजारच्या मास्तरांनी तमिळ तपासून दिली आहे. सही केलेली नाही.

ते पत्र मी अक्कांना अजून देणं लागतो.