अपेक्षानं आणलेलं मीटर

अपेक्षा इंगोलेला राग लवकर येतो, हे अकोल्याच्या त्या लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. राग आला की ती ओरडत नाही. आवाज उलट खाली जातो, शब्द सुटे सुटे पडतात आणि समोरच्याला वाटतं, हिनं ओरडलेलं परवडलं असतं. वय एकतीस. गोरक्षण रोडवरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती आठ वर्षांपासून टेक्निशियन आहे. एकदा बाहेरच्या एका दवाखान्यातून आलेलं रक्त खराब निघालं आणि तिथल्या डॉक्टरांनी फोनवर सरळ तिच्या हाताला नाव ठेवलं. अपेक्षानं रजिस्टर उघडलं. रक्त कधी काढलं आणि लॅबमध्ये कधी पोचलं, दोन्ही वेळा वाचून दाखवल्या. मधले साडेतीन तास ते रक्त त्यांच्याच वॉर्डात पडून होतं. डॉक्टरांनी फोन ठेवून दिला. माफी काही मागितली नाही, पण त्या दिवसापासून अपेक्षाचं एक मत पक्कं झालं, की नोंद असली म्हणजे कोणाचं पाप आपल्या माथी मारता येत नाही.

लॅबच्या कामानंतर तिचा एकच शौक होता, 'अग्निदुर्ग' नावाचा ऑनलाइन खेळ. चौघांनी आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, एकत्र एका राक्षसाशी लढायचं. एक जण पुढे उभा राहून मार झेलतो, दोघं हल्ला करतात आणि चौथा बाकीच्यांच्या जखमा भरतो. हा चौथा म्हणजे वैद्य. अपेक्षा वैद्य होती. राक्षस पडला तर नाव हल्ला करणाऱ्यांचं, आणि आपला माणूस पडला तर बोट वैद्याकडे, अशी त्या कामाची रीत.

तिचे तिघे सोबती वऱ्हाडातलेच. खेळताना एकमेकांचं 'काहून' आणि 'मले-तुले' कानावर पडलं आणि त्यावरूनच ही मंडळी जमली होती. पुढे उभा राहणारा नितेश, अमरावतीला स्पर्धा परीक्षांचे क्लास चालवायचा आणि टोळीचाही म्होरक्या तोच. हल्ला करणारा विपुल अकोल्याचाच, मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला. दुसरे हल्ला करणारे डोमाजी. वय त्रेसष्ट, राहणार वलगाव, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. गिअरबॉक्सखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली होती. त्या बोटांना चाळा हवा म्हणून मुलीनं लॅपटॉपवर हा खेळ लावून दिला आणि म्हातारा त्यात पुरता रमला. अपेक्षा त्यांना काकाजी म्हणायची.

दर रविवारी सकाळी दहाला मोठी लढाई असायची. दोन वर्षं त्यांना शेवटचा राक्षस पाडता आला नव्हता, आणि दोन वर्षं प्रत्येक हारीचं कारण एकच होतं, अपेक्षा. "अपेक्षाताईचं लक्ष नव्हतं," असं नितेश म्हणायचा. कधी म्हणायचा, "पोळ्या लाटून राहिल्या वाटते." विपुल हसायचा. डोमाजी गप्प असायचे. अपेक्षाला खात्री होती की नितेश जमिनीतून आग निघाली तरी मागे सरत नाही, घाव घालायच्या हावेपायी तिथंच उभा राहतो. पण लढाईच्या धांदलीत ते दाखवणार कसं? तिनं एकदा बोलून पाहिलं, तर नितेश क्लासमधल्या आवाजात म्हणाला की आपल्या चुकीचं खापर दुसऱ्यावर फोडणारा माणूस कधी पास होत नसतो. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

मग तिला मीटरचा शोध लागला. हे काही खेळाच्या कंपनीनं दिलेलं नव्हतं. खेळणाऱ्यांपैकीच कोणी तरी बनवलेला तो एक छोटा प्रोग्रॅम होता. लढाईत कोणी किती घाव घातले, कोणी किती झेलले, कोणी कोणाला कितव्या सेकंदाला बरं केलं, याची तो परस्पर नोंद ठेवायचा. अपेक्षानं तो कोणाला न सांगता आपल्या कॉम्प्युटरवर बसवला आणि तीन रविवार मुकाट्यानं बोलणी खाल्ली. चौथ्या रविवारी तिनं सगळी यादी टोळीच्या ग्रुपवर टाकली. नितेश बावीस वेळा पडला होता, त्यांतल्या एकोणीस वेळा आगीत उभा राहून. प्रत्येक वेळी तिचा उपचार एका सेकंदाच्या आत पोचला होता. खाली तिनं एकच ओळ लिहिली: आकडे खोटं बोलत नाहीत.

ग्रुपवर दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. अपेक्षानं त्या संध्याकाळी स्वतःसाठी आलूबोंडे आणले आणि चवीनं खाल्ले.

पण नितेश वरमणारा माणूस नव्हता. दोन दिवसांनी त्यानं लिहिलं की कल्पना चांगली आहे, यापुढे प्रत्येक लढाईनंतर यादी लागेल. आणि ती लागू लागली. पहिल्या नंबराला हिरवा रंग, शेवटच्याला लाल. नितेश आता आगीतून वेळेवर सरू लागला, हे खरं. पण विपुलचं डोकं फिरलं. हिरव्या रंगासाठी तो कोणी मरत असलं तरी हल्ला सोडेना. आणि लाल रंग प्रत्येक वेळी डोमाजींच्या नावावर.

याचं कारण अपेक्षाला माहीत होतं. राक्षस मोठी आग ओकण्याआधी श्वास ओढतो. त्या क्षणी कोणी तरी आपला हल्ला थांबवून त्याच्या तोंडावर जाळं टाकावं लागतं, नाही तर चौघंही भाजून मरतात. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखण्यात जन्म गेलेल्या डोमाजींना तो श्वास इतरांच्या आधी ऐकू यायचा. जाळं नेहमी तेच टाकायचे. मीटर घाव मोजत होतं, जखमा मोजत होतं. जाळं ते मोजत नव्हतं. त्याच्या लेखी त्या वेळेला डोमाजी नुसते उभे होते.

अपेक्षानं हे ग्रुपवर लिहिलं, पण एकदाच लिहिलं. नितेशनं त्यावर वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि विषय संपला. तिनंही मग ताणून धरलं नाही, कारण आता तिला कोणी बोलत नव्हतं. हे तिला पुढे फार लागलं.

चौथ्या आठवड्यात, एका शनिवारी दुपारी, नितेशनं चार लढायांच्या याद्या एकत्र टाकल्या. डोमाजींच्या नावाखाली लाल रेघ होती आणि खाली लिहिलं होतं: काकांची जागा आता शिवम नावाचा नवा खेळाडू घेईल, आकडे खोटं बोलत नाहीत. तिची ओळ, जशीच्या तशी. पाच मिनिटांनी डोमाजींनी लिहिलं, "सर्वांना धन्यवाद, चुकभूल माफ असावी," आणि ते ग्रुपमधून निघून गेले.

अपेक्षा मायक्रोस्कोपसमोर बसली होती. काचेवरच्या पेशी तिला दिसेनात. तिनं नितेशला तीन वेळा फोन लावला, त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, लढाईच्या वेळेला, ती अमरावतीच्या बसमध्ये होती.

राजापेठेजवळ दुसऱ्या मजल्यावर नितेशचा क्लास होता. रविवारची दुपारची परीक्षा नुकतीच सुटली होती आणि पोरं-पोरी जिन्यातून उतरत होती. आत भिंतीवर निकालाची यादी होती. वरची पाच नावं हिरव्या शाईत आणि खालची पाच लाल शाईत. ती पाहून अपेक्षाला कळलं की नितेशला मीटर शिकवावं लागलंच नव्हतं. तिनं फक्त ते त्याच्या हातात नेऊन दिलं होतं.

नितेशनं तिला पहिल्यांदाच समोरासमोर पाहिलं. खुर्ची दिली, चहा सांगू का विचारलं. ती बसली नाही.

"काकाजीले काहून काढलं?"

"चार लढाया, चारही वेळा शेवटचे. तूच पाह्य ना."

"ते जाळं टाकत होते. जाळं मीटरमध्ये येत नाही, हे मी लिहिलं होतं, नितेशभाऊ. तुमी वाचलं होतं."

"जे येत नाही ते मी कसं मोजू? अन् मीटर आणलं कोणं? माह्या बाबतीत आकडे खरे अन् त्याइच्या बाबतीत खोटे, हे कसं चालन?"

"मी माह्यावरचा आळ काढला. तुमाले काढा, असं म्हटलं नव्हतं."

"आकडा एकदा भिंतीवर लागला की त्याचं काय कराचं, हे लावणारा ठरवत नसते, अपेक्षा," नितेश शांतपणे म्हणाला. तो हे वाईट मनानं म्हणत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. तिनं सांगितलं की काकाजींना परत घ्या आणि प्रत्येकाचा आकडा फक्त ज्याचा त्याला दिसू द्या. त्यानं दोन्हीला नकार दिला. स्पर्धा आहे म्हणाला, दयाधर्म नाही. अपेक्षानं त्याच्यासमोर फोन काढला, ग्रुप सोडला आणि जिना उतरली.

परत अकोल्याची बस धरावी की नाही, याचा विचार करत ती स्टँडवर बराच वेळ उभी होती. मग परतवाड्याकडे जाणारी बस लागली, त्यात बसून ती वलगावला उतरली.

डोमाजी अंगणात एक टेबलफॅन उघडून बसले होते. स्क्रू डाव्या हातानं फिरवत होते. त्यांनी तिला आवाजावरून ओळखलं, पण उठले नाहीत. त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंनी खुर्ची टाकली, पाणी दिलं. अपेक्षानं सगळं सांगितलं. क्लासमध्ये काय झालं, तिनं ग्रुप कसा सोडला. म्हातारा शाबासकी देईल, निदान बरं वाटेल त्याला, असं मनात कुठे तरी होतं. डोमाजी पंख्याकडे पाहूनच बोलले.

"माह्यासाठी भांडून आली म्हणून सांगाले आली का?"

अपेक्षानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तो आगीत उभा राहे, हे मले दिसे. तुले तुह्यं नाव साफ कराचं होतं, तर मले विचारलं असतं. मी चौघात सांगतलं असतं. तू माणसाले विचारलं नाही, मशीन आणली."

आणि मग अपेक्षाचा राग, जो सकाळपासून नितेशसाठी होता, या म्हाताऱ्याकडे वळला. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं, पण तिनं तो आवरला नाही.

"न विचारता काहून नाही सांगतलं? दोन वर्षं मी त्याइचं बोलणं खाऊन राहिली होती, काकाजी. तुमाले दिसत होतं. तुमी ऐकत होते. एक दिवस बी तोंडातून शब्द काढला नाही तुमी. मी मशीन आणली नसती तर अजून गप्पच असते."

डोमाजींचा हात थांबला. पाती सुटी होऊन मांडीवर पडली होती. दुर्गाबाई दारात उभ्या होत्या, त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

"भेव वाटे," डोमाजी म्हणाले. "बोट चालत नाही. बोललो तर म्हणतीन, या म्हाताऱ्यालेच काढा आधी."

चहा आला, तो त्यांनी घेतला. निघताना अपेक्षानं एवढंच विचारलं, की नवी टोळी केली तर याल का. डोमाजींनी हो किंवा नाही म्हटलं नाही. आठवड्यानं त्यांचा फोन आला. येतो म्हणाले, पण एका अटीवर. लढाई संपली की ज्याची चूक त्याला तोंडावर सांगायची, मग तो कोणी का असेना.

त्याच महिन्यात खेळाच्या कंपनीनं सगळ्यांकडून मत मागवलं, की असं मीटर खेळातच द्यावं का. अपेक्षानं लिहायला घेतलं आणि थांबता थांबेना. मीटर नको, असं तिनं लिहिलं नाही. नोंद नसती तर ती जन्मभर पोळ्या लाटणारीच राहिली असती. ज्याचा आकडा त्यालाच दिसावा, चौघांची यादी चौघांच्या होकाराशिवाय उघडू नये, आणि जे मोजता येत नाही ते यादीच्या तळाशी मोठ्या अक्षरांत लिहावं, असं तिनं लिहिलं. कंपनीनं मीटर दिलं. यादी सगळ्यांची, सगळ्यांना दिसणारी, लाल-हिरव्या रंगांसकट. बंद करायचं बटण कुठे तरी आत खोल दडवलेलं.

त्याहून कडू गोष्ट पुढे घडली. नितेशच्या टोळीनं शिवमला आणि एका नव्या वैद्याला घेऊन, हे मीटर आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात शेवटचा राक्षस पाडला. हल्ला इतका जोरात होता की मोठा श्वास ओढायच्या आधीच राक्षस खलास. जाळ्याची गरजच पडली नाही. विपुलनं तिला मुद्दाम फोटो पाठवला. अपेक्षानं डोमाजींना ते सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं त्याइचं," आणि लगेच पुढे म्हणाले, "खोटं कशाले बोलू, मले बी लय राग आला."

नव्या टोळीत पुढे उभं राहून मार झेलायला परतवाड्याची आरती नावाची शिक्षिका आली आणि हल्ल्याला अकोल्याचा प्रीतम आला. अकरा रविवार हरण्या-सावरण्यात गेले. अकराव्या रविवारी राक्षसाचा जीव नखाएवढा उरला होता, आणि तेव्हा आरती पडली, मग एकेक करून सगळे. अपेक्षानं स्वतःचं मीटर पाहिलं. तिचा आकडा आजवरचा सगळ्यात मोठा होता. हेडफोनमध्ये डोमाजींचा आवाज आला.

"आज चूक तुही होती. प्रीतम तगला असता. आरतीले पाहाचं होतं."

अपेक्षाची कानशिलं तापली. तिनं आपला आकडा वाचून दाखवला, सेकंद सांगितले, एकेक उपचार मोजून सांगितला. बाकीचे ऐकत राहिले. कोणी मध्ये बोललं नाही आणि कोणी तिची बाजूही घेतली नाही. पाच मिनिटांनी तिचं बोलणं संपलं. तिनं लढाई मनातल्या मनात पुन्हा पाहिली. आरतीची जखम, प्रीतमची जखम, आणि मधला तो एक सेकंद, ज्यात ती प्रीतमकडे वळली होती.

"हो," ती म्हणाली. "माहीच."

"मग चाल," डोमाजी म्हणाले, "अजून येक डाव लाव."