नोलीनची शिट्टी आणि दोन मिलिमीटर

आमच्या नोलीनचे दात किडून गेले नाहीत, पडूनही गेले नाहीत. तिच्या बापानं ते लग्नाची भेट म्हणून काढून दिले.

हसू नका. आमच्या लम्सडेन गावाकडे त्या काळी रीतच होती तशी. पोरीचे सगळे दात लग्नाआधी उपटायचे आणि कवळी बसवायची, म्हणजे पुढं नवऱ्याला दातांचा खर्च नको. नोलीन तेव्हा एकोणीस वर्षांची. तोंडात सव्वीस दात, त्यातले चोवीस ठणठणीत. एका सकाळीत सगळे गेले. मग ती माझ्या थोरल्या भावाशी, कॉलिनशी, लग्नाला उभी राहिली. फोटोत तोंड घट्ट मिटलेलं आहे. वर माझ्या आईनं कानात सांगितलं, "नवऱ्याला बिनदाताची कधी दिसू नकोस हो." कॉलिन चाळीस वर्षं तिच्या शेजारी झोपला, पण तिचं बोळकं न बघताच गेला बिचारा. माझी आई आहे म्हणून सोडत नाही मी. ते बोलणं आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

कॉलिनमागं टेकडीवरच्या नऊशे मेंढ्या तिनं एकटीनं राखल्या. जवळ दोन कुत्री आणि एक शिट्टी. आमची शिट्टी म्हणजे पत्र्याची दुमडलेली चकती, जीभ आणि ओठांमध्ये धरून फुंकायची. लांब सूर म्हणजे थांब, दोन आखूड म्हणजे डावीकडे. एकदा तर हातात गरम मटण-पॅटिस, बोटं भाजतायत, आणि हिनं नदीपलीकडचा अख्खा कळप नुसत्या ओठांच्या जोरावर वळवून आणला. पॅटिस अर्धं मला दिलं, अर्धं कुत्र्याला. मोठं अर्धं कुत्र्याला!

पण दात नसले की जबड्याचं हाड झिजत जातं. खालची कवळी नाचायला लागली. शिट्टी फुंकली की कवळी उचलायची आणि सूर फाटायचा. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी टग नावाच्या कुत्र्यानं तसलाच फाटका सूर ऐकून कळप ओढ्यात घातला. सहा मेंढ्या वाहून गेल्या. तिचा मुलगा म्हणाला, "आई, आता कुत्री विकून टाकू. गावात घर घेऊ."

"आधी तुला विकते," नोलीन म्हणाली. "गिऱ्हाईक मिळालं तर."

आणि दुसऱ्याच दिवशी मला गाडी काढायला लावून ती इन्व्हरकार्गिल शहरातल्या दातांच्या एका दवाखान्यात गेली. जबड्यात चार इम्प्लांट, म्हणजे धातूचे चार स्क्रू, बसवायचे आणि त्यावर कवळी घट्ट करायची.

डॉक्टर ब्रेंट तरणाबांड होता. कवळी तोंडातच ठेवून त्यानं जबड्याचा एक्स-रे फोटो काढला. पडद्यावर जबडा गरागरा फिरवत म्हणाला, "जागा कॉम्प्युटर ठरवतो. त्याप्रमाणे भोकांची साचेपट्टी बनते. ती हिरडीवर बसवायची आणि भोकातून ड्रिल करायचं. चूक सरासरी एक मिलिमीटर."

"आणि इथली ही नस?" नोलीननं हनुवटीच्या बाजूला बोट ठेवलं. "ती दुखावली तर?"

"ओठ बधिर होऊ शकतो. पण सरासरी बघता..."

"बाळा, माझ्या कुंपणाचे खांब सरासरीनं बरोबरच आहेत. मेंढ्या जातात त्या एकाच भगदाडातून. ओठ बधिर झाला तर मी शिट्टी कशानं वाजवू? तुझ्या सरासरीनं?"

डॉक्टर हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

महिन्याभरानं ती खुर्चीत आडवी. जबड्यापुरती भूल दिलेली, साचेपट्टी तोंडात. मी कोपऱ्यात. शेजारी हेमी उभा. हा कवळ्या घडवणारा, साठीतला माणूस. कवळी घालून काढलेल्या फोटोवरून, त्या कवळीच्याच मापाची साचेपट्टी यानंच घडवली होती. त्यानं नोलीनला तोंड मिटायला लावलं, वाकून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ब्रेंट, वरचे दात पट्टीला टेकत नाहीत. दोन मिलिमीटर फट आहे. फोटोत तर कवळीला टेकले होते."

"हिरडी दबली असेल."

"भुलीनं हिरडी फुगते, दबत नाही. आणि फोटोत कवळीखाली काळी रेघ होती ती? मी तेव्हाच विचारलं होतं."

"कॉम्प्युटरनं आराखडा मान्य केलाय, हेमी. अख्खा दिवस यासाठी राखून ठेवलाय आपण." आणि त्यानं ड्रिल उचललं.

नोलीनचा हात खाडकन वर आला. मेंढ्याला चाप लावणारा हात तो! डॉक्टरचं मनगट तिच्या मुठीत तिथंच राहिलं. दुसऱ्या हातानं तिनं साचेपट्टी उपसून काढली आणि बोबडं बोलत मला म्हणाली, "ईवन, माझा डबा दे."

डब्यात तिची खालची कवळी होती. आतल्या बाजूला लोकरीची पातळ गादी चिकटलेली. हिरडीला काचू नये म्हणून वर्षानुवर्षं ती कोकराची मऊ लोकर दाबून बसवायची, आणि फोटोच्या दिवशीही तशीच बसवली होती. चारचौघांत कवळी काढायची नाही, मग दिसणार कुणाला?

हेमीनं लोकर चिमटीत धरली. "ही बघ तुझी काळी रेघ. लोकर फोटोत उमटत नाही, नुसती काळी फट दिसते. कवळी हिच्यावर उचललेली होती. आज लोकर नाही, म्हणून पट्टी खाली बसली. ड्रिल दोन मिलिमीटर खोल गेलं असतं. थेट नसेत."

डॉक्टर लालबुंद. "मिसेस मॅकराय, हे तुम्ही सांगायला हवं होतं!"

मग जे झालं ते लिहायलाही मला आनंद होतो. ती उठून बसली, वरची कवळीही काढून ट्रेमध्ये आपटली आणि पंचावन्न वर्षं कुणाला न दाखवलेलं बोळकं उघडं करून गरजली, "तू विचारलंस? एकदा तरी 'काढून दाखवा' म्हणालास? माझ्या बापानं विचारलं नाही, सासूनं विचारलं नाही, तूही नाही! बघ आता! नीट बघ! नि ती रेघ तू पाहिलीस, तरी ड्रिल उचललंस!"

हेमीनं मान खाली घालून सांगितलं, "नोलीन, मीही हटून बसायला हवं होतं."

"हवंच होतं," ती म्हणाली. त्यालाही सोडलं नाही.

सगळं पहिल्यापासून झालं. लोकरीविना नवा फोटो, हेमीनं घासलेली नवी पट्टी, आखूड स्क्रू. ड्रिल करण्याआधी हेमीनं तीनदा बोट फिरवून बघितलं, आणि डॉक्टर तोवर हात बांधून उभा राहिला. त्या दिवशी परतताना गाडीत तिचा ओठ भुलीनं मेलेला. दर मैलाला चिमटा काढून बघायची. विंटन गाव गेलं, काही नाही. डिप्टन गेलं, काही नाही. फाटकाशी पोचलो तेव्हा तिनं पुन्हा चिमटा काढला आणि किंचाळली, "आई गं!"

चार महिन्यांनी कवळी स्क्रूंवर पक्की झाली. त्याच दिवशी ती फाटकात उभी राहिली, शिट्टी ओठांत धरून. एक लांब सूर, सरळ, न फाटलेला. टेकडीवर टग जागच्या जागी थिजला.

मी म्हटलं, "झालं ना मनासारखं? सोड आता राग."

"का सोडू?" ती म्हणाली. "चोवीस ठणठणीत होते, ईवन." आणि दोन आखूड सूर मारून तिनं कुत्र्याला डावीकडे वळवलं.